घागर

सुताराला बारा हजार ॲडव्हान्स देऊन झाला आणि त्याच रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलातल्या लूकचा बारावा अध्याय काढला. मूर्ख श्रीमंताचा दाखला. पीक उदंड आलं, ठेवायला जागा पुरेना, तेव्हा तो म्हणतो, कोठारं मोडतो आणि मोठी बांधतो. मग जिवाला म्हणतो, आता खा, पी, आराम कर. त्याच रात्री देव त्याला विचारतो, आज तुझा जीव परत मागितला तर हे सगळं कोणाचं? हा दाखला मला लहानपणापासून पाठ आहे, संडे स्कूलच्या पाठांतर स्पर्धेत त्यावर बक्षीसही घेतलंय. पण त्या दिवशी बायकांच्या बाजूच्या बाकावरून आमच्या हिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. कारण सुतार आमच्याकडं जुना वॉर्डरोब मोडून मोठा करायलाच येणार होता.

हे नोव्हेंबर २०२४ मधलं. मी बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. विजापूर रोडला आमचा बंगला, खाली तीन खोल्या, वर दोन. मुलगा पुण्यात. म्हणजे पाच खोल्यांत माणसं दोन, एसी दोन, टीव्ही दोन, आणि वॉर्डरोब उघडला की अंगावर पडतील इतके कपडे.

सुताराचं काम थांबवलं. ॲडव्हान्स त्यानं परत दिला नाही, मीही मागितला नाही. मग आत नेमकं काय आहे ते तरी बघू म्हणून एका दुपारी सगळं बाहेर काढलं. चादरी निघाल्या एकतीस. सोलापुरात चादर कुणी विकत घेत नाही, ती येते. लग्नात येते, वास्तुशांतीला येते, बँकेतल्या निरोप समारंभात तर हमखास येते. एकतिसातल्या बावीस चादरींचं प्लॅस्टिकही फोडलेलं नव्हतं. मोराच्या नक्षीच्याच सहा.

डिसेंबरच्या थंडीत त्या बावीस चादरी घेऊन मी सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर गेलो. पेशंटचे नातेवाईक तिथं फुटपाथवर झोपतात. वाटत गेलो. प्रत्येक चादरीबरोबर मी बोटभर उंच होत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं, आवडतही होतं. शेवटून तिसरा एक म्हातारा होता, अक्कलकोटकडचा असावा. त्यानं हात पुढं केलाच नाही. म्हणाला, "माझ्याकडं हाय की एक. त्या पलीकडल्याला द्या." आणि कूस बदलून झोपला. घरी आल्यावर मी चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर फोटो टाकले. ही म्हणाली, "अहो, डाव्या हाताला कळू देऊ नका असं काहीतरी आहे ना मत्तयात?" फोटो काढून टाकले. तोवर चव्वेचाळीस जणांनी बघितले होते.

चादरी देऊन मला काही कमी पडलं नव्हतं, ही खरी अडचण होती. मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवा दोन टोल्या, म्हणजे दोन बारीक नाणी, टाकते, तेव्हा प्रभू म्हणतो, बाकीच्यांनी आपल्या समृद्धीतून टाकलं, हिनं उपजीविका टाकली. माझं सगळं समृद्धीतून चाललेलं. म्हणून ठरवलं की ईस्टरच्या आधीच्या येत्या उपवासकाळात, म्हणजे ५ मार्च ते २० एप्रिल २०२५, बंगला बंद करायचा आणि पूर्व भागात आईच्या दोन खोल्यांत जाऊन राहायचं. आई गेल्यापासून त्या कुलपात होत्या. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, गल्लीत उघडणारा एकच दरवाजा. उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, पण मधले रविवार त्यात धरत नाहीत, त्यामुळं प्रत्यक्षात शेहेचाळीस भरतात. हे मी हिला निघताना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर चाळिसावरच अडली असती.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण मी तिला दिलं होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला, सगळ्यांना माहीत आहे. ही शाळेत मराठी शिकवायची. तिनं तिथल्या तिथं ऐकवलं, "टिळक संन्यासी झाले. संसार लक्ष्मीबाईंनी केला. तुम्ही खुशाल टिळक व्हा, मी कूलर घेऊन येणार." कूलर आला. पुढं जे घडलं ते या कूलरमुळं.

ताईला फोनवर सांगितलं तर ती हसलीच नाही. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, नगरला असते. मिल बंद पडली तेव्हा ती कॉलेज सोडून शिवणकाम करायला लागली, म्हणून मी शिकलो. ती म्हणाली, "बाळ, त्या दोन खोल्यांतून बाहेर पडायला आपल्याला किती वर्षं लागली ते तुला ठाऊक आहे. गरिबी हौसेनं करायची गोष्ट नाही." मी तिला बायबलातली वचनं सांगायला लागलो. तिनं फोन ठेवला. तिचं बरोबर होतं असं मला आजही निम्मं वाटतं.

छोटा हत्तीत सामान बसवलं आणि गेलो.

पहिल्या दहा रात्री मी प्रार्थना कमी आणि एसीचा विचार जास्त केला. हे कबूल करायला हवं, कारण चर्चमध्ये साक्ष देणारे लोक इथं एकदम शांतीवर येतात. शांती वगैरे काही नव्हतं. सोलापूरचा मार्च म्हणजे दिवसभर पत्रा तापतो आणि रात्री बारापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. बंगल्यात असताना एसी माझ्या डोक्यात कधीच नसायचा, बटण दाबलं की विषय संपला. इथं तो नव्हता आणि चोवीस तास डोक्यात होता. उपवासकाळात मी एका यंत्राचं ध्यान करत होतो. शुभवर्तमानातला तो तरुण, सगळं विकून ये म्हटल्यावर, खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता पुष्कळ होती. मी मालमत्ता कुलपात घालून आलो होतो आणि तरी खिन्न होतो. कुलपाची किल्ली खिशात होती म्हणून असेल.

आता पाण्याचं सांगतो.

सोलापूरला पाणी येतं उजनीवरून, शंभरावर किलोमीटर पाइपातून, आणि शहरात चार-पाच दिवसांआड सुटतं. हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. पण मला होती! बंगल्याखाली पाच हजार लिटरची टाकी, वर हजार-हजाराच्या दोन, शिवाय बोअर. पाणी कधी यायचं, कधी जायचं, चौदा वर्षांत मला पत्ता नव्हता. आईच्या घरी होतं एक बॅरल, दोन घागरी, एक पिंप. गल्लीतल्या बायकांच्या बोटांवर पाण्याचा वार असतो. मी मात्र महिन्याच्या हिशेबाचा माणूस. पहिल्या दोन खेपांना हिनं भरलं. तिसऱ्या खेपेला आम्ही दोघं बुधवारच्या प्रार्थनासभेला गेलो होतो आणि पाणी येऊन गेलं. बॅरलात निम्मं होतं, काटकसरीनं दोन दिवस निघाले असते. पण रात्री मी कूलर लावला. कूलर पाणी पितो हे कळायला माझी साठी उलटावी लागली. एरवी त्यात नोकर पाणी ओतायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅरलचा तळ दिसला.

गुरुवार होता. जारवाल्याला फोन केला, तो म्हणाला सकाळी. हिनं माझ्या हातात घागर दिली आणि म्हणाली, "अक्कांकडं जा."

अक्का म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेलं घर. पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. मालक पूर्वी यंत्रमागावर होते, आता वॉचमन. अक्का विड्या वळतात. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा एक तुकडा मापाला ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. बोलता बोलता चालूच. दहा-बारा दिवसांत त्यांच्याशी माझं बोलणं "काय अक्का" आणि "काय सायेब" यापलीकडं गेलेलं नव्हतं.

मी घागर घेऊन त्यांच्या दारात गेलो आणि उभा राहिलो. दार उघडंच होतं. त्या मान खाली घालून पान कापत होत्या. हाक मारायची होती. शब्द किती, तर "अक्का, थोडं पाणी मिळेल का." तीस-पस्तीस वर्षं माझ्या केबिनच्या दारात माणसं अशी येऊन उभी राहिली होती, कुणी कर्जासाठी, कुणी मुदतवाढीसाठी. ती माणसं दारात इतका वेळ का घुटमळतात याचा मला तेव्हा रागच यायचा. आता माझ्या गळ्यातून आवाज निघत नव्हता.

याचं कारण नुसता साहेबपणा नाही, आणि ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, १८६०च्या दशकात सोलापूरला. आमचं घराणं त्यांच्याच शाळांमुळं शिकलं. पण बाप्तिस्मा झाला म्हणून गावची विहीर बदलली नाही. माझी आजी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणी दया येऊन वरून पाणी ओतलं तर भरायची, नाही तर तासन्‌तास ऊन खात उभी. हे वडिलांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर काय झालं ते ते आम्हाला दर वीस मार्चला सांगायचे, चर्चमध्ये सेवक असूनसुद्धा, आणि शेवटी एकच वाक्य असायचं: "आपल्या घरातलं कुणी भांडं घेऊन कुणाच्या दारात उभं राहणार नाही." विजापूर रोडचा बंगला बांधला तेव्हा ते थकले होते. घर दाखवायला नेलं तर फरशी बघितली नाही, किचन ओटा बघितला नाही. टाकीचं झाकण उघडायला लावलं, टॉर्च मागून घेतला आणि आत प्रकाश टाकून बघत बसले. पाणी कडेपर्यंत होतं. "बास," म्हणाले.

म्हणजे ती टाकी माझी चैन नव्हती. आणि ती मागं टाकून मी दारात उभा होतो, हातात घागर घेऊन.

अक्कांनी मान वर केली. "हितं ठिवा की घागर. उभं कशाला राहिलाव?"

त्या उठल्या, पदराला हात पुसले, पिंपातून तांब्यानं पाणी घालून घागर भरली. दुसरी आणायला लावली, तीही भरली. घागरीच्या काठाला काठ लागला, त्यांच्या तांब्याचं पाणी आमच्या घागरीत पडलं, आणि अक्का एकीकडं त्यांच्या नातवाला तेलुगूत काहीतरी रागावत होत्या. त्यांच्या लेखी ही काही गोष्टच नव्हती. मी घरी येऊन घागरी ठेवल्या आणि मोरीत उभा राहून रडलो. ही काही बोलली नाही. बॅरल तिरका करून तळाचं पाणी बादलीत काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी बँकवाला जागा झालो. अक्कांच्या नातवाच्या हातात शंभराची नोट दिली, खाऊला म्हणून. पाच मिनिटांत नोट परत, आणि अक्का मागोमाग. "पाणी विकायलीय का मी?" मग जरा शांत होऊन, "सायेब, तुमच्या आईनं माझ्या दोन बाळंतपणात डबा दिला. तवा मी पैसे दिले नाहीत."

देणं मला येत होतं. घेणं येत नव्हतं. चादरी वाटताना मी देणाराच होतो, आणि देणारा राहून सगळं सोडता आलं असतं, बंगला आणि टाकीसकट, तरी माझ्यातलं काही हललं नसतं. पौल फिलिप्पैकरांस पत्रात लिहितो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. हे वचन आमच्याकडं भिंतीवर लावतात. ते त्यानं तुरुंगातून लिहिलंय हे पाळकसाहेब सांगतात. पण त्याच अध्यायात तीन-चार ओळी पुढं तो फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीची पोच देतो, आणि ती त्यानं घेतली आहे. चाळीसेक वर्षं तो अध्याय वाचतोय, ती पोचपावती माझ्या नजरेत भरली नव्हती. खरं तर बँकेतल्या माणसाला तीच आधी दिसायला हवी होती.

पुढच्या खेपेला रात्री तीन वाजता दार वाजलं. "ओ सायेब! पाणी आलंय!" बनियनवर बाहेर आलो. सगळी गल्ली जागी. कुणाची मोटर घुमतेय, कुणाचा पाइप निसटून भिंत भिजतेय, पोरं उगाच ओरडतायत. समोरच्या घरातला पोरगा पाइप धरून उभ्याउभ्या पेंगत होता, त्याच्या पायावर पाणी पडत होतं तरी जाग नाही. अक्कांचं बॅरल भरलं आणि त्यांनी आपला पाइप न विचारता आमच्या पिंपात टाकला. मग मी कोपऱ्यावरच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या दोन घागरी भरून तिच्या ओट्यावर ठेवल्या. तिनं आभार मानले नाहीत, "सांडलं की हो" म्हणाली. पहाटे चारला हिनं सगळ्यांना चहा केला. कुणीतरी शिळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली. पाय चिखलात होते, पत्रा एव्हाना गार झालेला, आणि मला आत कुठंतरी इतकं मोकळं वाटत होतं की मी मोठ्यानं हसत होतो आणि कशावर ते सांगता येत नव्हतं. ख्रिस्ती आनंद म्हणजे काय यावर मी मंडळीत दोनदा बोललोय, मुद्दे काढून. त्या मुद्द्यांत चिखल नव्हता. त्या दिवसानंतर एसीची आठवण कमी झाली. गेली म्हणत नाही.

कूलर आम्ही कापड टाकून कोपऱ्यात ठेवला. रात्री गल्लीत बाज टाकून झोपायला लागलो.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, १८ एप्रिलला, बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकसाहेबांनी मला पाचवा दिला: "मला तहान लागली आहे." सातांतला हा कुणालाच नको असतो, फार बोलण्यासारखं नाही म्हणून. मी चार पानं तयारी केली होती. बोलायला उभा राहिलो तेव्हा बाहेर ऊन रटरटत होतं, पंख्यांची हवासुद्धा भाजत होती आणि बाकांवरची माणसं पुठ्ठ्यांनी वारा घेत होती. मी पानं खिशातच ठेवली. शोमरोनी बाईकडं त्यानं विहिरीवर पाणी मागितलं, आणि तिलाच आश्चर्य वाटलं की हा यहूदी असून माझ्याकडं कसा मागतो, कारण यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, एवढं सांगितलं. विहीर म्हटल्यावर आमच्या बाकांवर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मग वधस्तंभावर त्यानं पुन्हा मागितलं, मारणाऱ्यांकडं, आणि एजोबाच्या काठीवरून आली ती आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, घेतली. तो मागू शकला. मी अक्कांच्या दारात उभा होतो ते सांगितलं. आजीचं सांगितलं. पाच मिनिटं झाली असतील नसतील, खाली बसलो. दोघी-तिघी म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. एका जुन्या सेवकांनी नंतर गाठून सांगितलं की आजीचं सांगायला नको होतं, तरुण मुलं असतात. यावर मी वाद घातला नाही.

ईस्टर झाला. मी हिला विचारलं, करारानुसार. ती म्हणाली, "बंगल्यात परत सात पंखे पुसायचे?" आम्ही अजून इथंच आहोत. बंगला भाड्यानं दिलाय. भाड्याचं काय करायचं यावर एकमत नाही: शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयानं अर्धं दिलं होतं म्हणून मी अर्ध्यावर आहे, ही म्हणते आधी इथला पत्रा बदलू. मुलाला हे सगळं म्हातारचळ वाटतं. कूलर मे महिन्यात आठ दिवस लावला, तो पाण्याच्या दिवशी.

मेच्या शेवटी ताई आली. न कळवता, एसटीनं. खांद्याला पिशवी, पिशवीत बिसलेरीच्या चार बाटल्या. आमच्याकडं पाण्याचे हाल असतील म्हणून घरून निघतानाच घेतल्या होत्या. खोलीभर नजर फिरवली, आईच्या जुन्या कोनाड्यावर थोडी जास्त थांबली, आणि म्हणाली, "आजी नाइलाजानं उभी राहायची बाळ. तू उभा राहिलास आणि वर चर्चमध्ये सांगितलंस." कुणीतरी नगरपर्यंत पोचवलं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुपारी ती बाहेर ओट्यावर बसली. अक्का पलीकडं सूप घेऊन. दोघी साधारण एकाच वयाच्या. बराच वेळ नुसत्या बसल्या होत्या. मग ताई त्या पत्र्याच्या मापाबद्दल काहीतरी विचारताना ऐकू आलं, शिवणाऱ्या बाईला कापायचं माप दिसलं की राहवत नाही. थोड्या वेळानं अक्का आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. मी दाराआडून बघत होतो. ताईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंड न लावता वरून धार धरली, निम्मं प्याली, थांबली. मग तांब्या ओठाला लावून उरलेलं संपवलं.

"पाणी कधी येतं हो तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"आज राती येईल बघा. मी हाक मारते."

बिसलेरीच्या बाटल्या अजून कोनाड्यात आहेत. तीन भरलेल्या.